ती थांबा म्हणेपर्यंत

४ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर माझ्या कानांची अवस्था तुला ठाऊकच आहे. मागच्या खेपेला तू फोनवर काहीतरी विचारत होतीस आणि मी आपला 'हो, हो' करत होतो. शेवटी कळलं की तू माझं वय विचारत होतीस. तेव्हापासून जे बोलायचं ते कागदावर.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. मला क्रीम फेटायला शिकव. तुम्ही बेकरीत केकवर लावता ते पांढरं, चमच्याने ठेवलं की ठेवल्या जागी उभं राहणारं. हसू नकोस. दुकान बंद केल्यापासून घड्याळांचं टेबल घरी आणून खिडकीशी मांडलंय, किरकोळ कामं येतात, पण दुपार काही सरत नाही. त्यात समोरच्या शिंपीणबाईंशी पैज लागली. त्या म्हणाल्या, तुम्हाला या जन्मात चहासुद्धा जमणार नाही. गोष्ट खरी आहे, पण तोंडावर म्हणायला नको होती.

पाकिटातलं क्रीम आणलं, भांड्यात ओतलं आणि काट्याने फेटलं. फेस आला, जरा जाडसर झालं, मी खूश. वाटीत काढलं आणि बघता बघता ते बसलं. खालून पाणी सुटलं, वरचं त्यात बुडालं. दुसऱ्या दिवशी जिद्दीने पुष्कळ वेळ फेटलं, तर त्याच्या गुठळ्या झाल्या आणि ताक सांडल्यासारखं सगळं फुटलं. इतकी बारीक चक्रं जागेवर बसवणारा माणूस मी, आणि एक वाटी साय मला दाद देईना.

सविस्तर लिही. घाई आहे असं नाही, पण लवकर लिही.

तुझे
बाबा


१० फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र बेकरीतच उघडलं आणि इतकी हसले की हातातल्या पिशवीतून अर्ध्या केकवर वेडीवाकडी नक्षी उमटली. तो केक कुणीतरी नेलासुद्धा. तुम्ही आणि स्वयंपाकघर! तुम्ही तिथे फक्त पाणी प्यायला जाता, तेही ग्लास कुठे आहे विचारून. आईंनी तुम्हाला आत येऊ कसं दिलं?

आता नीट ऐका, म्हणजे वाचा. क्रीमचं सगळं थंडाव्यावर आहे. क्रीम गार, भांडं गार, फेटणी गार. पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. भांडं आणि फेटणी बर्फाच्या कप्प्यात ठेवा, हाताला झोंबलं पाहिजे इतकं. काटा बाजूला ठेवा, तारांची फेटणी आणा. आणि पाकिटावर फॅट किती ते बघा. पस्तीस टक्क्यांच्या खाली असेल तर ते चहात घाला, फेटायच्या नादी लागू नका. ते उभं राहणारच नाही.

सुरुवात हळू करा. फेस आला की थोडी पिठीसाखर, मग जरा जोरात. फेटणीच्या मागे रेघा उमटायला लागतील आणि मिटणार नाहीत. तेव्हा फेटणी उचलून बघायची. शेंडा वाकला तर अजून थोडं, उभा राहिला तर तिथेच थांबायचं. त्यापुढे हौसेने दोन हात जास्त मारलेत की लोणी सुटतं. तुमच्या गुठळ्या म्हणजे लोणीच होतं बाबा, पावाला लावायचं होतंत.

आणि कान द्या. आधी खळखळ आवाज येतो, मग तो भरत जातो, जड होतो. आम्ही बेकरीत दहा कामं करत असतो, भांड्याकडे बघतसुद्धा नाही. आवाज बदलला की हात आपोआप थांबतो.

आईंना माझा नमस्कार. तुम्ही दोघं आमच्याकडे आला होता तेव्हा मी फळांवर हेच क्रीम घालून दिलं होतं, आठवतं? आई 'ठीक आहे' म्हणाल्या होत्या. ते 'ठीक आहे' मी अजून मनात धरून बसलेय, हे त्यांना मुळीच सांगू नका. तुमचा मुलगा जहाजावर मजेत आहे. त्याला ही बातमी कळवली तर तो बंदर यायची वाट न बघता उतरेल.

पैज जिंका.

तुमची
सून


१७ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

सगळं बरहुकूम केलं. फॅटचा आकडा भिंग लावून वाचला. फेटणी आणली. भांडं बर्फाच्या कप्प्यात घातलं, त्यासाठी हिने जपून ठेवलेले मटार बाहेर काढावे लागले, ते आता दोन दिवस शिंपीणबाई खात आहेत. तरीही पहिले पाढे पंचावन्न. शेंडा येतो, मला दिसतो, आणि वाटीत काढेपर्यंत त्याची मान पडते. थोड्या वेळाने बघावं तर नुसतं गोड दूध.

माझी पद्धत लिहितो, चूक तू शोध. भांडं घेऊन खोलीत येतो, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसतो, भांडं मांडीवर धरतो आणि फेटतो. मान खाली घालून काम करायची सवय आहेच. घाम मात्र येतो. हीटर दिवसभर चालू असतो, मी सदरा काढून बसतो.

आवाजाचं म्हणशील तर तो माझ्या नशिबात नाही. मला फेटणी म्हणजे मुकी बाहुली. पण परवा ही पांघरुणातूनच म्हणाली, "आवाज जड झाला, थांबा." थांबलो, तर खरंच शेंडा होता. तेव्हापासून कान हिचे आणि हात माझे, असं चाललंय. तरी टिकत नाही ते नाहीच.

दुसरं कुठलं पाकीट घेऊन बघू का? की साखर जास्त होते?

बाबा


२१ फेब्रुवारी

बाबा,

साखर जास्त होत नाहीये आणि पाकीटही बरोबर आहे.

दिवसाउजेडी हीटर चालू. तुम्ही उघड्या अंगाने घामाघूम, आणि आई पांघरुणात. क्रीम स्वयंपाकघरात न फेटता पलंगाशेजारी फेटताय. आईंनी जपून ठेवलेले मटार तुम्ही बाहेर काढलेत आणि त्या उठून तुमच्यावर ओरडल्या नाहीत.

बाबा, आई कशा आहेत?

पैजबिज काही नाहीये ना? मला खरं काय ते लिहा. नाहीतर मी परवाच्या गाडीत बसते. बेकरीतली रजा मागायलासुद्धा थांबणार नाही.

तोवर एवढं करा, भांडं मांडीवर घेऊ नका. तुमची मांडी म्हणजे दुसरा हीटर. मोठ्या पातेल्यात बर्फ घाला, त्यात भांडं बसवा आणि मग फेटा.

सून


२६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

पकडलंस. घड्याळाचा पट्टा बघून माणूस कुठल्या हाताने काम करतो हे मी सांगायचो, पण तू तर क्रीमच्या पाण्यावरून माझं घर वाचलंस.

जानेवारीत ही पडली. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली. मी पलीकडे टेबलावर पाठमोरा बसलो होतो. हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही, पडल्याचंही आलं नाही. जमीन हादरली तेव्हा वळलो. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. घरी आणली. शिंपीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन हिचं सगळं करतात, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

हाड जुळतंय. पण हिने खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, "हाड मी जोडलं, उभं राहायला लागणारी ताकद मी कुठून देऊ? पोटात काहीही जाऊ द्या, गोड, तुपट, त्यांना आवडेल ते." सूप दोन चमचे घेते आणि तोंड भिंतीकडे करते. किती विनवलं, रागावलो. म्हणते, "आता मला कशाला घालताय, उगाच वाया." या बाईने कधी एक शीत वाया घालवलं नाही, आणि आता स्वतःलाच त्या खात्यात धरून बसली आहे. मला भीती वाटते, पोरी. ही उठली नाही तर मी काय करू, मला खरंच माहीत नाही.

मग एका दुपारी आपणहून म्हणाली, "त्या पोरीने केलं होतं ना, ते पांढरं, ते खाईन." इतक्या दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट. मी दुकानातून तयार आणलं, तर एक चमचा घेऊन म्हणाली, "हे ते नव्हे." तेव्हा तुला पत्र लिहिलं. तुला कळवायचं नाही अशी हिची सक्त ताकीद आहे. "तिने मला अशी आडवी पडलेली बघायचं नाही," म्हणते. जहाजावर तर अजिबात नाही. कळवून तो काय करणार, पोहत येणार?

आणि ते तुझं 'ठीक आहे.' त्या दिवशी परतताना गाडीत बसल्या बसल्या म्हणाली होती, "पोरीच्या हाताला चव आहे. पण लगेच सांगायचं नसतं, डोक्यावर बसतात." तिची वाटी तू धुतली असशील तर तुला कळलंच असेल, तिच्यात धुण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून खोलीत बसून फेटतो. हिला थंडी सोसत नाही, हीटर बंद करता येत नाही. आणि स्वयंपाकघरात गेलो तर ही एकटी पडते, हाक मारली तर मला कळणार नाही. आता पाठ करून बसायची भीती वाटते.

येऊ नकोस. पण उपाय सांग.

बाबा


३ मार्च

बाबा,

तुमचं पत्र वाचून बेकरीच्या थंड खोलीत गेले आणि पोटभर रडले. तिथे रडायचं बरं असतं, डोळे सुजत नाहीत. तिथलं क्रीम त्या दिवशी खारट झालं असेल तर माझा इलाज नाही.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते राहू दे. आईंनी मागितलं आणि माझं मागितलं, यातच मला सगळं मिळालं. त्या बोलवेपर्यंत मी येणार नाही, पण त्यांनी एकदा नुसतं 'ये' म्हणू देत.

आता उपाय. हीटर राहू दे, तुम्हीही तिथेच बसा. खोली ऊबदार आहे तर भांड्याला बर्फात बसवायचं, आणि बर्फात मूठभर मीठ टाकायचं म्हणजे तो जास्त गार पडतो. एका वेळी एकच वाटी फेटा, जास्त नको. पिठीसाखरेबरोबर चमचाभर दूध पावडर घाला. ती क्रीममधलं पाणी धरून ठेवते, मग शेंडा उन्हाळ्यातसुद्धा मान टाकत नाही. आमच्या दुकानाच्या काचेत दिवसभर उभे असणाऱ्या केकांचं हेच गुपित आहे, कुणाला सांगू नका.

झालं की नाही बघायचं तर चमचाभर घ्या आणि चमचा उलटा धरा. पडलं नाही तर जमलं. आई बघत असताना करा, त्यांना गंमत वाटेल.

सोबत पार्सल पाठवतेय. माझी स्वतःची फेटणी आहे, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. हात घसरत नाही. भांडंही आहे, खोलगट, तुमच्या पातेल्यात चपखल बसेल.

कान आईंचेच असू देत. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार असणार. माझ्या घरी पलीकडच्या खोलीत बसून त्यांनी ओळखलं होतं की मी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

सून


९ मार्च

चि. सूनबाई,

पार्सल मिळालं. फेटणी फार गुणी आहे. तुझी बोटं कुठे बसतात ते सुतळीवर दिसतं, माझी त्याच्या शेजारी बसतात.

आधी चांगली बातमी. ही खाते आहे. जे पातळ होतं तेच खाते, पण आता अख्खी वाटी. सोबत केळ्याचे तुकडे घातले तर तेही जातात. काल मऊ पाव त्यात बुडवून खाल्ला. भिंतीकडे तोंड करणं बंद झालंय. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिले आणि "बघू, उठवून बघू" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, आणि हल्ली भांडं नेहमी हातातच असतं.

वाईट बातमी अशी की क्रीम अजून उभं राहत नाही. बर्फ आहे, मीठ आहे, पावडर आहे. ही डोळे मिटून ऐकते. "नाही, अजून पातळ आहे." मग, "हं, आता आलं, थांबा, थांबा!" मी थांबतो. चमचा उलटा करतो, थप्पकन खाली. ही हसते. "उद्या जमेल हो," म्हणते. परवा माझ्या सदऱ्यावर पडलं तर ही हसता हसता खोकायला लागली.

मग रोज दुपारी तेच. फेटताना ही बोलत असते. मला ऐकू यावं म्हणून ओरडून बोलते, त्यामुळे शिंपीणबाईंनाही सगळं कळतं. हिच्या वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय म्हणाले होते, ते मला परवा कळलं. इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि ठेवलं ते बरंच केलं.

तू जवळ असतीस तर हात धरून दाखवलं असतंस. चूक कुठे होते?

बाबा


१६ मार्च

सूनबाई,

हे पत्र शिंपीणबाईंच्या हाती टाकायला देते आहे. यांना कळता कामा नये. पेन्सिल आहे, अक्षर वाकडं येतं, कारण अजून टेकून बसावं लागतं. पण बसते आहे.

यांनी तुला पत्रं लिहिली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. यांना वाटतं, आपण हळू पुटपुटत लिहितो. हे इतक्या मोठ्याने पुटपुटतात की रस्त्यावर कळावं. तेव्हा मी पडल्याचं तुला कळलंय, आणि मी गाडीत काय बोलले तेही कळलंय. असो. तुझं क्रीम चांगलं होतं. एकदा लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

आता खरी गोष्ट. क्रीम तुझी फेटणी आली त्या दिवशीच जमलं असतं. मीच जमू दिलं नाही.

ऐक. माझा कान चांगला आहे. आवाज केव्हा भरतो ते मला बरोबर कळतं. मी त्याच्या आधीच 'थांबा' म्हणते. हे बिचारे लगेच हात उचलतात. मग चमचा उलटा, मग धप्प, मग 'उद्या बघू.'

तू म्हणशील, म्हातारीला चळ लागला. लागू दे. लग्न झाल्यापासून मी यांची पाठ बघत आले. दुकानात डबा घेऊन जायची तेव्हा पाठ. घरी टेबल आणलं तर उजेडासाठी तोंड खिडकीकडे, माझ्याकडे पाठ. माणूस वाईट नाही, कधी मोठ्याने बोलले नाहीत. पण घड्याळ उघडलं की यांना जगाचा पत्ता नसतो, आणि पुढे पुढे तर कानही गेले. मी काही सांगायला जायची, दोनदा 'काय' म्हणाले की सोडून द्यायची. असं सोडत सोडत किती गेलं, याचा हिशेब कोण ठेवतो.

पडले तेव्हा हाक मारली होती मी. पाठ हलली नाही. यांचा दोष नाही, मला कळतं. पण पलंगावर पडल्या पडल्या वाटायला लागलं की आता उठून तरी कुणाला दिसणार आहे. जेवण जाईना ते त्यामुळे. हे मी डॉक्टरांना कसं सांगू?

आणि आता हे रोज दुपारी माझ्यासमोर बसतात. मान खाली, पण तोंड माझ्याकडे. 'आलं का? आता आलं का?' विचारतात आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, मी काय म्हणते ते चुकू नये म्हणून. सूनबाई, इतकं टक लावून यांनी मला लग्नातही पाहिलं नव्हतं. क्रीम एकदा जमलं की हे भांडं धुऊन ठेवतील आणि टेबलाकडे वळतील. मला अजून थोडे दिवस हवेत.

म्हणून तू यांना फार नीट शिकवू नकोस. एवढं ऐक माझं.

उत्तर शिंपीणबाईंच्या पत्त्यावर धाड.

आई


२० मार्च

आई,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. 'पुन्हा पुन्हा लिहिणार नाही' म्हणालात ते क्रीमचं वाक्य जास्त वेळा.

काळजी करू नका. क्रीम किती लहरी असतं, किती महिने जमत नाही, हे मी बाबांना आजच लिहिते. माझ्या धंद्याची अब्रू गेली तरी चालेल.

पण वाटी रोज रिकामी झाली पाहिजे. आणि चालायला लागलात की आधी मला सांगायचं, जहाजावर मी कळवीन.

तुमच्या डोक्यावर न बसलेली
सून


२० मार्च

बाबा,

तुमची चूक कुठेच होत नाहीये. क्रीम हा प्रकारच असा आहे. मी बेकरीत लागले तेव्हा मला तर वर्षभर जमलं नव्हतं. हवा, पाकीट, हाताचा वेग, कशाने काय बिघडेल सांगता येत नाही. तेव्हा धीर सोडायचा नाही. रोज फेटायचं, सावकाश, घाई अजिबात नाही. आणि आईंच्या कानावर पूर्ण विश्वास ठेवायचा. त्या थांबा म्हणाल्या की थांबायचं, तुम्हाला काहीही वाटलं तरी.

सून


२ एप्रिल

चि. सूनबाई,

काल ही उभी राहिली. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत गेली, तिथे थांबली, खाली बघितलं आणि शिंपीणबाईंच्या दोरीवरचे कपडे वाकडे वाळत घातलेत म्हणाली. मला इतकं भरून आलं की मी बाहेर जाऊन नुसताच उभा राहिलो. चार-सहा दिवसांत स्वयंपाकघरात जाईन म्हणते. मटारांचा हिशेब द्यायची तयारी ठेवली आहे.

तुझं मागचं पत्र वाचलं. वर्षभर जमलं नव्हतं म्हणतेस. पोरी, तू पीठ मळण्यात हुशार आहेस, थापा मारण्यात नाहीस.

मला कळलं आहे. कान गेले तेव्हापासून मी दुकानात घड्याळ कानाला लावणं सोडलं होतं. बोटाच्या टोकावर धरायचो, टिकटिक बोटाला कळते. तुझ्या फेटणीचा दांडाही तसाच आहे. क्रीम भरत आलं की दांड्यातून हाताला एक संथ ओढ लागते. पहिल्याच दिवशी लागली होती, आणि ही 'थांबा' म्हणाली ती ओढ नीट सुरू व्हायच्या आधीच. मला वाटलं, हिचेही कान गेले, आता घरात बोलायचं कुणी. मग रोज तेच व्हायला लागलं, रोज त्याच जागी. कान गेलेला माणूस इतक्या नेमकेपणाने चुकत नाही.

खात्री करावी म्हणून एकदा ही झोपली असताना शिंपीणबाईंना पलंगाशी बसवलं आणि स्वयंपाकघरात एकट्याने फेटलं. शेंडा ताठ उभा राहिला. चमचा उलटा धरला, हलवला, पडलं नाही. मग ती वाटी दारामागे उभं राहून मीच संपवली. फार छान झालं होतं. हिला यातलं काही सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

दुकानात काही माणसं चालू घड्याळ घेऊन यायची. 'मागे पडतंय' म्हणायची. उघडून बघितलं तर काही नसायचं, ठणठणीत असायचं. सुरुवातीला मी तसं सांगून परत पाठवायचो. मग लक्षात आलं की त्यांना बसायचं असतं. घरी कुणी नसायचं, किंवा असूनही नसायचं. मग मी झाकण उघडून फुंकर मारायचो, उगाच भिंग लावून बघायचो, ती माणसं स्टुलावर बसून बोलायची. परक्यांसाठी मी हे इतकी वर्षं केलं. घरातल्या माणसाला चालू घड्याळ घेऊन यायला पडून खुबा मोडावा लागला, हे मनातून जात नाही.

असो. हिने परवा विषय काढला. म्हणाली, "तुम्हाला काही जमायचं नाही, त्या पोरीलाच बोलवा. येऊन शिकवून जाऊ दे." म्हणजे तुला 'ये' म्हटलं आहे, हिच्या भाषेत. रजा काढून ये. माझ्यासमोर फेट, हिच्यासमोर फेट, शेंडा उभा करून दाखव. मात्र आम्हाला शिकवायची घाई करू नकोस.

आणखी एक केलं. टेबल फिरवलं. आता खिडकी पाठीमागे येते, उजेड चुकीच्या बाजूने पडतो, आणि समोर पलंग. ही म्हणाली, "डोळे बिघडतील अशाने." मी म्हटलं, "काय?" तिने जवळ वाकून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "काय?"

पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

बाबा